तांबडा ठिपका

"सांगून कुणाचा विश्वास बसायचा नाही मामा, पण पलीकडच्या घरात एका फोनने गिऱ्हाइकाची पार अब्रू काढली," म्हातारी म्हणाली आणि जिन्याच्या खालच्या पायरीवर ऐसपैस बसली.

मामा म्हणजे घरवालीचा, हा कोठा चालवणाऱ्या बाईचा, भाऊ. घरातल्या सगळ्या बायका त्याला मामाच म्हणत, पण प्रेमाने नव्हे. तो वर निघाला होता. पुढच्या खोलीत गिऱ्हाईक येऊन बसलं होतं आणि त्याला वरच्या खोलीतली झिपरीच हवी होती.

"सरक," मामा म्हणाला.

"गुडघे धरलेत रे. ऐक तर."

म्हातारीचा धंदा कधीच सुटला होता. आता ती एका संस्थेकडून घरोघरी कंडोम वाटायची आणि बायकांच्या फोनमध्ये संस्थेचं अ‍ॅप घालून द्यायची. काही बिनसलं की बाईने अ‍ॅपमधलं बटण दाबायचं. म्हातारीच्या फोनवर तांबडा ठिपका उमटायचा. बाईने दवाखान्यात पहिली गोळी गिळली, उरलेल्या गोळ्या ताब्यात घेतल्या, की तिथली नर्स तो ठिपका हिरवा करायची.

परवा झिपरीचा कंडोम फाटला होता. एचआयव्ही टाळायचा तर तीन दिवसांच्या आत गोळ्या सुरू व्हायला हव्यात, नाहीतर काही उपयोग नाही. आज तिसरा दिवस. दवाखाना दुपारी बंद व्हायचा. आणि घरवाली कुणालाच तिकडे फिरकू देत नसे. गल्लीत बोभाटा झाला की गिऱ्हाईक तुटतं म्हणे. मागे एक बाई गुपचूप गेली, तर मामाने मोटारसायकल काढून तिला रांगेतून ओढत परत आणलं होतं.

हे सगळं ठाऊक असून म्हातारी नेमकी त्याच्यापुढेच गप्पा छाटत बसली होती.

"तर गिऱ्हाईक म्हणालं, आज ते रबर-बिबर काही नको. झालं! उशीखालून फोन बोलला, 'काका, मग घरी जा.'"

"काका म्हणाला?" मामाला हसू आलं.

"काका! त्याने उशी उचलली. फोन म्हणाला, 'चष्मा लावा, पाकिटावरची तारीख मोठ्याने वाचा. आणि पाकीट दाताने फाडायचं नाही, दात तरी कुठे उरलेत तुम्हाला!'"

मामा कठड्याला टेकला. म्हातारीने पदराआड स्वतःचा फोन पाहिला. ठिपका तांबडा.

"मग?"

"मग त्याने चिडून फोन बादलीत बुडवला. तर पाण्यातून आवाज, 'बुडवा खुशाल! काकूंचा नंबर आहे माझ्याकडे!'"

मामा खदखदून हसला. तेवढ्यात पुढच्या खोलीतून घरवाली ओरडली, "अरे, पोरगी आणतोयस की घडवतोयस?"

मामा भानावर आला. त्याने वर पाहिलं. झिपरीच्या खोलीचं दार बंद होतं, आत पंखा घरघरत होता.

"ही थेरं झिपरीच्या फोनमध्येपण घातलीस का गं?"

"घातलीत की. परवा तिचा कंडोम फाटला ना. फोन म्हणतो दवाखान्यात चल, ही म्हणते मामा सोडत नाही. सकाळपासून दोघांची जुंपलीय."

मामाचं हसू मावळलं. "दवाखान्यात?" त्याने खिशातली मोटारसायकलची किल्ली चाचपली. "पाऊल तर टाकू दे दाराबाहेर. तंगडं मोडून ठेवतो."

"म्हणून तर म्हणते, आत्ता वर नको जाऊ. फोन खवळलाय. तुला मामा नाही म्हणायचा तो."

"काय म्हणेल?" न राहवून त्याने विचारलं.

"चारचौघांत सांगण्यासारखं नाही रे."

"आपण दोघंच आहोत. सांग."

"तुझ्या बहिणीला काल काय म्हणाला ते आधी ऐक..." म्हातारीने पुन्हा पदराआड पाहिलं. तांबडाच. "म्हणाला, ताई, तुमचा भाऊ..."

"काय तुमचा भाऊ?"

म्हातारी गुडघे चोळू लागली. पुढची थाप सुचेना.

"पुरे!" मामाने तिच्या खांद्याला धरलं. "ऊठ. नाहीतर उचलून बाजूला ठेवतो."

"ठेव. हाडं मोडली तर तूच दवाखान्यात ने. तेवढंच तुझं पुण्य."

त्याने खरोखरच तिच्या काखेत हात घातला. म्हातारीने दोन्ही हातांनी कठडा घट्ट धरला. त्याच वेळी तिच्या पदरात फोन थरथरला.

तिने पाहिलं. ठिपका तांबडा नव्हता. मग फोन पोलक्यात खोचला, कठडा सोडला आणि पाय जवळ घेतले.

"जा बाबा. तूच बघ जाऊन."

मामा दोन-दोन पायऱ्या टाकत वर गेला. दार आपटलं. खाट सरकल्याचा आवाज आला. आणि मग सगळा जिना दणाणला.

"थापाडे म्हातारे! वर फोनही नाही आणि पोरगीही नाही!"