खमपन आजीची चूक

दोऱ्याची गाठ बसली, आणि मग कुठे मांडवातल्या लोकांच्या लक्षात आलं की खमपन आजीने घोळ घातला आहे.

विधी तसा रोजचाच होता. माणसाने सपाटून मार खाल्ला की त्याचा जीव बावरून रानोमाळ हिंडतो. त्याला हाका मारून परत आणायचं आणि मनगटाला पांढरा दोरा बांधून आत कोंडायचं. देचाची बरगडी बँकॉकला थाई बॉक्सिंगच्या रिंगणात मोडली होती, तेव्हा नातवासाठी आजी हे करणारच होती. बरगडी मोडणारा बुनलुआ, गेली कित्येक वर्षं विजेतेपदाचा पट्टा कमरेवरून न उतरवलेला, रीतीप्रमाणे फळांची टोपली घेऊन भेटायला आला होता. आजीने त्यालाही देचाच्या शेजारी बसवलं.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. पण मग तिने एकच दोरा दोघांच्या मनगटांभोवती गुंडाळला आणि तोंडाने भलतंच म्हटलं. "आजपासून तुम्ही एकमेकांचे सियाव. एकाचं दुखलं तर दुसऱ्याने कण्हावं. एकाने दुसऱ्यावर हात उगारू नये."

सियाव म्हणजे जन्माचा दोस्त. त्याच्यापेक्षा सख्खा भाऊ परवडला, भावाशी निदान भांडता तरी येतं. सियाववर हात उचलणाऱ्याला आमच्या भागात कुणी ओसरीवर बसू देत नाही.

"आजी, हे काय केलंस?" देचा म्हणाला. "हे सियावचं म्हटलंस तू."

"मी? अगं बाई." आजीने कपाळाला हात लावला. "जन्मभर पोराटोरांचे सियाव बांधतेय रे. तोंडाला तेच वळण."

देचाचा चेहरा पडला. सोंगक्रानच्या सणानंतर त्याची बुनलुआशी पुन्हा लढत व्हायची होती. पहिली तो केसाएवढ्या फरकाने हरला होता. शेवटच्या दोन फेऱ्या तर बुनलुआने नुसत्या लाथांवर काढल्या. जाणकार म्हणाले, काय हा माज, पोराला ठोसा मारायचीही गरज वाटली नाही. ते शब्द देचाला बरगडीपेक्षा जास्त लागले होते. त्याला पट्टा हवा होता, पण तो बुनलुआला आडवा करून.

"हा माझ्याहून केवढा मोठा आहे," तो गावच्या मुखियाला म्हणाला. "सियाव एका वयाचे लागतात."

मुखियाने दोघांना जन्माचं वर्ष विचारलं. आमच्याकडे बारा प्राण्यांच्या नावांची वर्षं फिरून फिरून येतात; दोघेही माकडाच्या वर्षातले निघाले, मध्ये एक तप.

"वर्ष माकडाचंच," मुखिया म्हणाला. "तपाचा हिशेब माकडं ठेवत नाहीत."

"मुखियाजी, यातून काही वाट?" बुनलुआने हात जोडून विचारलं.

"वाट असती तर माझ्या सियावला दिलेली म्हैस मी कधीच परत आणली असती."

देचाने पपई कापायची सुरी उचलली. बुनलुआने डाव्या हाताने त्याचं मनगट धरलं. "थांब. हा दोरा तोडलास तर दोघांचं आयुष्य तोडलंस."

"तुम्हाला बरंच झालं, दादा."

"बरं?" बुनलुआचा वस्ताद थावीन खवळला. "माझा पठ्ठ्या म्हणजे तो कैवान वाटला काय तुला?"

कैवानचं नाव निघालं की सगळे गप्प बसतात. तोही एकेकाळी विजेताच. हरलेल्याने पुन्हा लढत मागितली, तेव्हा याने निवृत्ती जाहीर केली. आजही तो बाजारात निघाला की पोरं मागून कोंबडीसारखी क्वॉक क्वॉक करतात. बायको कंटाळून माहेरी गेली ती गेलीच. आमची माणसं हरलेल्याला पोटाशी धरतात, पळालेल्याला नाही.

चारच दिवसांत बुनलुआने बँकॉकमध्ये पत्रकारांसमोर पट्टा टेबलावर ठेवला आणि मनगटावरचा दोरा दाखवला. "पट्टा मला जीव की प्राण आहे," तो म्हणाला, "पण सियाववर मी हात उगारणार नाही." टीव्हीवर ते पाहून बायका रडल्या. त्याच्या गावाने वेशीवर कमान उभारली. बुनलुआला मिरवत नेलं तेव्हा म्हातारे वाकून हात जोडत होते. असा मान लढत जिंकूनही कुणाला मिळाला नव्हता.

रिकाम्या पट्ट्यासाठी देचाची लढत कुणा किरकोळ पोराशी ठरली. "रिकाम्या खुर्चीत बसवताय मला," एवढंच तो म्हणाला. तेव्हापासून तो आजीच्या हातचं खात नव्हता, तिच्याशी बोलतही नव्हता.

भात पेरायच्या दिवसांत बुनलुआ सियावच्या रीतीप्रमाणे एक रेडकू घेऊन आला. देचाने मुकाट्याने दावं हातात घेतलं.

"या माणसाला मला लोळवायचं होतं," तो मुखियाला म्हणाला, "आणि आता याच्या रेडकाला पाणी पाजतोय." तो रेडकाला घेऊन तळ्याकडे गेला.

बुनलुआ निघाला तेव्हा खमपन आजी फाटकापर्यंत आली. हातात केळीच्या पानात बांधलेला चिकट भात होता. नातवाच्या अबोल्याने ती वाळली होती.

"बोलेल तो, आजी," बुनलुआ म्हणाला. "पट्टा मिळाला की बोलेल."

"न बोलू दे. अंगाने धड राहिला, मला तेवढं पुरे." तिने तळ्याकडे एकदा पाहून घेतलं. बुनलुआने पुडकं डाव्या हाताने घेतलं.

"उजव्याची मूठ अजून वळत नाही?"

"त्या लढतीच्या तिसऱ्या फेरीत गेली ती गेलीच. वस्तादालाही सांगितलेलं नाही. पुन्हा लढलो असतो तर देचाने मला पहिल्याच फेरीत झोपवलं असतं, आणि नाही म्हटलं असतं तर कैवान झालो असतो."

आजीने मान डोलावली आणि आवाज आणखी खाली आणला.

"मग मी चुकले ना रे बरोबर? तू शिकवलं होतंस तशीच?"