पत्र्याच्या गल्लीचं शिफारसपत्र

"काकूंसमोर आज तरी तोंड उघडा," समन्वयक बाई रिक्षातून उतरता उतरता म्हणाल्या. "आणि ते हात आवरा."

प्राध्यापकांनी हात खिशात घातले. विभागात त्यांना मौनीबाबा म्हणत. शिकवायचं ध्वनिशास्त्र आणि स्वतःला आवाज नाही, हा विनोद इतका जुना झाला होता की आता त्याला शिपाईसुद्धा हसत नसे.

प्राध्यापकांनी वर्गाबाहेर पडून लोकांबरोबर, लोकांच्या उपयोगाचं संशोधन करावं म्हणून विद्यापीठाने एक कक्ष काढला होता. तो बाई चालवत. तीन वर्षांत त्यांनी अकरा जणांना लोकांत नेलं. दहा जण उन्हाची सबब सांगून परतले. उरले हे एकटे, आणि तेही असे.

चार वाजता समिती बसणार होती. पत्रे ठोकणाऱ्यांच्या ज्या गल्लीत हे तीन वर्षं आवाज कमी करायचं काम करत होते, तिने चांगलं शिफारसपत्र दिलं तर यांची नोकरी कायम. नाहीतर हे घरी, आणि कक्षाला कुलूप. बाईंच्या पोटात सकाळपासून चहाखेरीज काही गेलं नव्हतं.

"बाई, एक सांगायचं राहिलंय," प्राध्यापक म्हणाले. "गल्लीत ना..."

"आत्ता नको. नावं पाठ झाली का?"

कोण कोणाची जाऊ, कोण कोणाचा मेहुणा, याची यादी बाईंनी स्वतः करून दिली होती. प्राध्यापकांनी ती न उघडताच मान डोलावली. बाईंनी मनातल्या मनात एक गुण कापला.

गल्लीत दोन्ही बाजूंनी पत्रे ठोकले जात होते. कानठळ्या बसत होत्या. काकूंचं दुकान मधोमध. अख्खी गल्ली काकूंच्या शब्दाबाहेर नव्हती, असं बाईंनी अहवालात लिहिलं होतं. प्राध्यापक आत शिरले आणि कोणी बसा म्हणायच्या आत उपड्या पिंपावर बसले. आणखी एक गुण गेला.

मग बाईंनीच सूत्रं हाती घेतली. आवाजाची मोजणी, कानांची तपासणी, मशीनखाली बसवलेले रबराचे तुकडे, सगळं त्यांनी घसा फोडून सांगितलं. दारावर आलेल्या विक्रेत्याचं ऐकावं तसं काकू ऐकत होत्या. नजर मात्र प्राध्यापकांवर. आणि हा गृहस्थ कधी कान ओढतोय, कधी गुडघ्यावर मूठ आपटतोय, कधी बोटं उडवतोय. बाईंनी एकदा हळूच त्यांचा हात दाबून खाली केला.

तेवढ्यात काकू हसल्या. बाईंनी मागे वळून पाहिलं. हसण्यासारखं तिथे काही नव्हतं. मग काकूंनी कपाळाला हात लावला आणि जोरात नकारार्थी मान हलवली. बाईंनी उरलेले सगळे गुण एकदम कापले.

अचानक सगळी ठोकाठोक थांबली. जेवणाची सुट्टी झाली होती.

"बाई," काकू म्हणाल्या, "घसा दुखत नाही का हो तुमचा?"

एवढंच. मग त्यांनी सुनेला हाक मारली, सांगून एक पान लिहवून घेतलं आणि पाकीट चिकटवून दिलं.

"एक शब्द?" परतताना बाईंनी विचारलं. "तीन वर्षांत एक तरी शब्द?" प्राध्यापकांनी त्यांच्यापुढे पाण्याची बाटली धरली.

चार वाजता समितीच्या अध्यक्षांनी पाकीट फोडलं आणि वाचायला लागले. बाईंनी खुर्चीचा हात घट्ट धरला.

"आमच्या गल्लीत निम्म्या लोकांना ऐकू येत नाही. काम चालू असताना आम्ही सगळे हातांनी बोलतो. सर ते बोलणं पहिल्याच वर्षी शिकले. दर रविवारी एकटे येतात. आजही आमच्या तासभर गप्पा झाल्या. सर आमच्यातलेच आहेत, त्यांना कायम करा."

अध्यक्षांनी पान उलटलं.

"सोबतच्या बाईंना अजून काहीच येत नाही, नुसत्या ओरडतात. तरी सर चिकाटीने त्यांना माणसांत आणतात. त्यांनाही काढू नका. शिकतील हळूहळू."