पेटीने एकदाच पाहिलं

"कंपायलर चुकलाय!" सदू ओरडला. "माझा प्रोग्राम बरोबर आहे!"

बुरोंडीच्या बर्फ कारखान्याच्या मशीनघरात ते ऐकायला फक्त भागोजी होता, आणि त्याने कंपायलर हा शब्द जन्मात ऐकला नव्हता. तीस वर्षं कॉम्प्रेसर चालवणारा माणूस. परवा अमोनियाचा दाब वाढला, पाइपाचा सांधा उडाला, आणि त्याचा मेहुणा काशीराम दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या बांधून दापोलीच्या दवाखान्यात पडला. दाब वाढला की कॉम्प्रेसर बंद करायचा, हे काम गेले दोन महिने भिंतीवरच्या पेटीकडे होतं. पेटी सदूने मुंबईत बनवलेली, तिच्यातला प्रोग्रामही त्याचाच. यंत्र चुकत नाही, भागोजीनेच तारा ओढल्या असणार, असं मालकांचं ठाम मत. पेटीत दोष नाही असं सदूने संध्याकाळपर्यंत लिहून दिलं, की भागोजी घरी.

पण सदूने पेटी टेबलावर घेऊन तपासली आणि तिने खरंच दगा दिला. सकाळपासून तो छापील कागदांची भेंडोळी ओळ न् ओळ वाचत होता.

"कोण चुकलाय, सायेब?" भागोजीने विचारलं.

"कंपायलर. मी लिहितो ते यंत्राच्या भाषेत उतरवणारा दुभाष्या म्हणा. मी लिहिलं होतं, दाब सारखा बघत राहा. त्याने उतरवलं, एकदाच बघ! पेटी चालू झाली की एकदा दाब बघते, तो आकडा खिशात घालते, आणि मग दिवसभर खिशातलाच आकडा बघत बसते."

"म्हंजे आंधळी?"

"आंधळीच."

सदूला हुरूप आला होता. चूक दुसऱ्याची निघाली की कुणालाही येतो. मालकांना पुरावा दाखवावा म्हणून त्याने कंपायलरचं जाडजूड पुस्तक उघडलं. त्याची काही पानं अजून एकमेकांना चिकटलेली होती. त्यातलंच एक पान त्याने नखाने सोडवलं, वाचलं, पुन्हा वाचलं. बाहेरून आपोआप बदलणारा आकडा वाचायचा असेल तर पुन्हा पुन्हाचं काम एकदाच करून प्रोग्राम आटोपशीर करण्याची सोय बंद ठेवा, असं तिथे ठळक अक्षरांत छापलं होतं.

ती सोय सदूनेच चालू केली होती. प्रोग्राम चिपमध्ये मावत नव्हता म्हणून. कंपायलरने सांगितलं तेवढं इमानाने केलं होतं.

नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय! काशीरामच्या पट्ट्या त्याच्या डोळ्यांपुढून हलेनात.

"पण मग दोन महिने चालली कशी?" तो स्वतःशीच पुटपुटला.

"मी चालवली ना," भागोजी म्हणाला.

"म्हणजे?"

"दोन-दोन तासांनी बंद करायचो, नि परत चालू. होडीच्या इंजिनालाबी आमी दम देतो. ही बया तर रातदिस जागी. म्हटला, हिला दम नको? दोनदा तर चालू केल्याबरोबर तिना कॉम्प्रेसर बंद केलान."

दर दोन तासांनी हा म्हातारा पेटीचे डोळे उघडत होता!

"मग थांबलात का, काका?"

"धा दिसांमागं तुमीच येवन बटणाला टाळा मारलात. बोललात, कोणी हात लावायचा नाय." भागोजीने मान हलवली. "नाय लावला."

सदू खाली बसला. सिमेंटच्या जमिनीला अजून अमोनियाचा वास येत होता. त्याने मालकांसाठी आणलेला कोरा कागद मांडीवर घेतला. चूक पेटीची, पेटी माझी, भागोजीचा काही दोष नाही, असं लिहून खाली सही केली आणि कागद त्याच्या हातात दिला.

भागोजीने तो न वाचताच घडी करून खिशात ठेवला. त्याचं लक्ष दुसरीकडेच होतं.

"सायेब, अशा आणखी बसवल्यात ना तुमी?"

"आठ. वसईपासून वेंगुर्ल्यापर्यंत."

"त्यांना टाळा?"

सगळ्यांना टाळं होतं. एकाच खेपेत, एकाच आठवड्यात, त्याने स्वतःच्या हाताने लावलेलं.

तो उठला आणि हापिसाकडे धावला. मागून भागोजी. मालक जेवायला गेले होते. सदूने फोनचं हँडल गरागरा फिरवलं, ट्रंक कॉल म्हणून ओरडला.

"ऑर्डिनरी, अर्जंट की लायटनिंग?" पलीकडून एक्स्चेंजवरच्या बाईंनी शांतपणे विचारलं.

सदूने तोंड उघडलं. आवाज फुटेना. "हॅलो? बोला ना," बाई म्हणत होत्या. भागोजीने त्याच्या हातातला रिसीव्हर काढून घेतला आणि दोन्ही हातांनी तोंडाशी धरला.

"सगळ्यात बेगीन पोचेल तो लाव, बाय. आठ ठिकाणी लाव. आमचे लोक पाइपाजवळ उभे हायत."