एकशे बारा उत्तरं

सिलतऱ्याच्या कारखान्याचा तक्रारींचा जुना मेलबॉक्स बाहेरच्या सर्व्हरवर होता. सहा वर्षांत तो कोणी उघडलाच नव्हता. आयटी विभागातल्या नीलिमानं कंटाळतच त्यातले मेल कंपनीच्या नव्या सर्व्हरवर ओढून घेतले. एकशे बारा निघाले. सगळे भट्टीवरच्या धर्मपाल मेश्रामांचे, सगळ्यांत एकच ओळ : "भट्टीजवळचा पंखा बंद आहे."

नव्या सर्व्हरनं लगेच प्रत्येक मेलला आपोआप उत्तर पाठवलं : "तक्रार मिळाली. दोन दिवसांत कारवाई होईल."

नीलिमानं कपाळाला हात लावला. "चुकून गेलं, माफ करा," असं ती लिहीतच होती, तेवढ्यात मेश्रामांचा मेल आला.

"साहेब, मले रिटायर होऊन चार वर्षं झाले. तरी पंखा लावूनच द्या. आता तिथं माझा पोट्टा ड्युटी करून राहिला."