'जुने फोटो' नावाचं फोल्डर

तीन विंडोज, एक मॅक.
खांद्यावर ठेवलेला हात.
निमोण्याची साडेपाचची एसटी.

गौतमीच्या कॉम्प्युटरवरच्या 'जुने फोटो' या फोल्डरमध्ये एकही फोटो नव्हता. शिरूरच्या त्या ऑफिसात साहेब कधी, कुठं आपल्या अंगाला हात लावतात, ते ती रोज घरची एसटी पकडण्याआधी तारखांसह त्यात लिहून ठेवायची. अकरा नोंदी झाल्या होत्या. मशीनला पासवर्ड होता.

आज तिनं फाइल उघडली, तर खाली बारावी नोंद होती: 'मलापण. तीन वर्षं झाली.'

तिनं घाईनं फाइल बंद केली.

"मीच लिहिलंय गं," शेजारच्या टेबलावरून अनिताताई मान वर न करता पुटपुटल्या. "माझ्या मशीनवरनं उघडलं ते."

"ताई, पासवर्ड कुणी दिला तुम्हाला?"

"कुणी न्हाई. मशीननं मागितलाच न्हाई."




सोमवारी कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्या धम्मदीपनं, सगळ्यांची फोल्डरं सगळ्यांना उघडता यावीत म्हणून, चारही मशीनवर एकच नाव आणि एकच पासवर्ड टाकला होता. सुरुवात त्यानं साहेबांच्या मॅकपासून केली होती.