मागच्या सीटवरून ट्रायल

"आज सापडलं नाही तर उद्या सकाळी भंगारात," मास्तरांनी गाडीची किल्ली मिस्त्रीच्या हातावर ठेवली. "मुलानं माणूसही ठरवलाय. दहाला येतोय."

बावीस वर्षांची गाडी. रिटायर झालेले हे स्टेशनमास्तर तिला रोज स्वतःच्या हातानं पुसायचे आणि पाऊस आला की आधी तिला झाकायचे, मग दोरीवरचे कपडे काढायचे. गेले सहा महिने तिला एक खोड लागली होती. चांगली पळता पळता मध्येच दम खायची, एक आचका द्यायची, की पुन्हा जशीच्या तशी. मिस्त्रीनं प्लग बदलले, फिल्टर बदलला, टाकी उतरवून धुतली. तीनदा ट्रायल घेतली, तिन्ही वेळा पठ्ठी लोण्यासारखी पळाली. आणि मास्तर घरी पोचतात न पोचतात तोच फोन, "दिला हो मिस्त्री, पुन्हा आचका दिला!"

तीस वर्षांत या गॅरेजमधून एकही माणूस हात हलवत परत गेला नव्हता. मिस्त्रीची झोप उडाली होती, ती काही उगाच नाही.

"वहिनी, तुम्ही बसा," त्यानं नेहमीसारखं स्टूल पुसून मास्तरांच्या बायकोपुढे सरकवलं. "आम्ही एक चक्कर मारून आलोच."

"मी नाही बसत त्याच्यावर. तीन खेपा बसून पाठीचा काटा ढिला झालाय माझा. मी येते. आणि पुढेच बसणार, मागे मला मळमळतं."

झालं! चाक मास्तर दुसऱ्या कुणाच्या हाती देत नसत, त्यामुळे किल्ली त्यांच्याकडे परत गेली आणि मिस्त्रीला आयुष्यात पहिल्यांदाच ट्रायलला मागे बसावं लागलं. इथून इंजिनाचा आवाज काय कपाळ ऐकू येणार, असं मनात म्हणत तो गुडघे पोटाशी घेऊन बसला.

मास्तरांनी मोठ्या रस्त्याला लागताच वेग घेतला. जन्मभर दुसऱ्यांच्या गाड्यांना लाल-हिरवं दाखवलेला माणूस. आता स्वतःच्या गाडीला कोण अडवणार?

"अहो, ट्रक!" वहिनी किंचाळल्या. गाडीनं आचका दिला.

"बघितलंत?" मास्तरांना दुःखातही आनंद झाला. "आचका दिला की ही अशी घाबरते. मग मलाच बोलणी."

पुढच्या वळणावर, "अहो, सायकल!" आणि आचका.

मिस्त्री पुढच्या दोन सीटांच्या मधून मान घालून बसला. तिसऱ्या खेपेला वहिनी "अहो, कुत्रं!" म्हणून ओरडल्या, तेव्हा त्यानं कुत्र्याकडे बघितलंच नाही. वहिनींच्या पायांकडे बघितलं.

"मास्तर, गाडी गॅरेजला घ्या. आणि एक सांगतो, रागावू नका. आधी वहिनी ओरडतात, आचका नंतर येतो."

"म्हणजे गाडी हिला घाबरते?"

"त्यात नवल काय?" वहिनी म्हणाल्या.

गॅरेजमध्ये मिस्त्रीनं इंजिन चालूच ठेवलं आणि वहिनींना जागेवरून हलू दिलं नाही. "आता नुसतं ओरडा."

"अहो, ट्रक!" वहिनी ओरडल्या. शेजारच्या दुकानातली दोन माणसं धावत आली. इंजिन आपलं शांतपणे चालू.

"आता ओरडू नका. मघाशी दाबलात तसा फक्त पाय दाबा."

वहिनींनी संकोचून डावा पाय मॅटवर दाबला. इंजिन अडखळलं. पुन्हा दाबला, पुन्हा अडखळलं. मास्तरांचं तोंड उघडं ते उघडंच.

मॅट उचलली तर खाली इग्निशनची वायर, आणि बरोबर टाचेखाली तिचा निसटत आलेला जोड. वर दाब आला की सुटायचा, दाब गेला की चिकटायचा.

"कुठल्या गाढवानं जोडलीय ही!" मिस्त्री कडाडला, आणि नीट बघायला वाकला. जोडावर हिरवी टेप होती. आपलं काम कुठेही ओळखू यावं म्हणून सगळ्या बाजारात हिरवी टेप तो एकटाच वापरायचा. पाच वर्षांपूर्वी मास्तरांना रेडिओ बसवून देताना त्यानं याच वायरमधून करंट घेतला होता, तेव्हाची. त्यानं ती झटकन ओढून खिशात कोंबली.

वहिनींनी भिंतीवरच्या खिळ्याला लटकणाऱ्या हिरव्या रिळाकडे बघितलं. "सापडलं का हो भाऊ, गाढव?"

"सापडलं, वहिनी." कानाच्या पाळ्या लाल झालेल्या मिस्त्रीनं वायर कापली, नव्या जोडाला सोल्डरिंगचा डाग दिला, वर जाड नळी चढवली आणि ती सीटखालून पार लांब वळवली. आता त्या जागी हत्तीनं पाय दिला असता तरी इंजिनाला कळलं नसतं.

"बावीस वर्षं तुमचं ऐकतेय," वहिनी मास्तरांना म्हणाल्या, "तुझ्या बाजूला ब्रेक नाही, उगाच पाय दाबू नकोस. होता की नाही?"

मास्तरांनी बॉनेटवरून हात फिरवला, मुलाला फोन लावला आणि "त्या भंगारवाल्याला सांग, येऊ नकोस," एवढंच म्हणून ठेवून दिला. त्यांचे डोळे भरून आले होते, आणि ते चष्मा पुसण्याचं सोंग करत होते.

गाडी नेहमीच्याच झोकात गेटकडे निघाली. मिस्त्री हात पुसत बघत राहिला. रस्त्यावरून एक हातगाडी आडवी येत होती. काचेतून वहिनींचं डोकं मागे गेलेलं त्याला दिसलं. दाबला पाय, तो मनाशी म्हणाला, आता काय उपयोग!

त्याच क्षणी गाडीचे मागचे दोन्ही लाल दिवे लागले, आणि मास्तरांनी गाडी अलगद थांबवली.