कोरी आयुधं

सुरेंद्रनं शेवटच्या पान्याला गंधाचं बोट लावलं, वर कुंकू टेकवलं आणि मागं सरकून तो भिंत न्याहाळू लागला. भिंतभर पाने, पकडी, हातोड्या, कानशी. प्रत्येकीच्या मागं तिच्याच आकाराची पांढरी रेघ. उचलली तर परत कुठं ठेवायची ते भिंतच सांगेल. आजवर भिंतीला कधी सांगावं लागलं नव्हतं.

"ये अम्मा, बघ."

मीनाक्षीबाई दारातच थांबल्या. परसातली ही खोली पूर्वी सरपणाची. आता खाली हिरवी गुळगुळीत जमीन, वर इतके दिवे की सावलीला बसायला जागा नाही. मधोमध त्यांची जुनी पद्मिनी गाडी, बॉनेट उघडं, आत पोकळी. इंजिन कोपऱ्यात लोखंडी घोडीवर, गळ्यात झेंडूची माळ, सत्काराला बोलावलेल्या पाहुण्यासारखं.

"राबलेल्या हत्यारांनी आयुधपूजेला बसायचं, विजयादशमीला उठायचं," त्या म्हणाल्या. "कशानं दमलीं रे हीं?"

मागं रम्या चुंडलाचं, नैवेद्याच्या हरभऱ्याच्या उसळीचं, पातेलं घेऊन उभी होती. नवऱ्याकडे न बघताच ती म्हणाली, "लटकून लटकून, अत्ते."

"तू गप गे. अम्मा, आधी जागा नीट पाहिजे, मग कामाला हात. परदेशात लोक असंच करतात. माझे व्हिडिओ बघून मदुरैहून माणसं विचारतात, ही भिंत कशी केली म्हणून."

"गाडीचं विचारतात का कुणी?"

सुरेंद्रनं एक माळ सरळ केली.

मीनाक्षीबाईंनी आत येऊन, वाकून हातोडीचा वास घेतला. "दुकानाचा वास येतो अजून. देवाला नैवेद्य उष्टा चालत नाही, बा. हत्यार मात्र उष्टंच वाहावं लागतं."

"पोंगलला तू गाडी चालवशील. शब्द देतो."

"गेल्या पोंगलला म्हणालास रामनवमी. रामनवमीला म्हणालास आयुधपूजा."

त्यांचं मागणं एवढंच होतं: एकदा गर्भ राखणाऱ्या देवीच्या तिरुक्करुगावूरला स्वतः गाडी न्यायची. या घरातली प्रत्येक गर्भार बाई त्यांनीच चालवत त्या देवीच्या पायाशी नेली होती. सुरेंद्र पोटात होता तेव्हा स्टिअरिंगचं चाक पोटाला घासत होतं, तरी शेजारी नवरा हात जोडून बसला आणि गाडी त्यांनीच हाकली.

"डॉक्टर काय म्हणाले ते तूही ऐकलंस," त्या म्हणाल्या. "डोळ्यांत दोन्ही बाजूंनी अंधार आत येतोय. तो काही तुझ्यासारखा नाही. त्याला आधी जागा नीट करायची नसते."

"अम्मा, सणाच्या दिवशी असं बोलू नये."

तेवढ्यात शेजारचा गुरुमूर्ति चुंडल खायला आला. त्यानं गाडीत डोकावून पाहिलं, मग कोपऱ्यातल्या इंजिनाकडे, आणि तमिळमध्ये विचारलं, "काय हो मामी, जीव बाहेर काढून हार घातलाय की काय?"

रम्या इतकी हसली की पातेलं खाली ठेवावं लागलं.

सुरेंद्र हसला नाही. त्यानं चाकांपुढं लिंबं ठेवली. आयुधपूजेला गाडी लिंबांवरून गेली पाहिजे, दृष्ट चिरडली पाहिजे. गाडी आपणहून जाणार नव्हती. "गुरुमूर्ति, जरा ढकल मागून. रम्या, तूही. अम्मा, तू स्टिअरिंगवर बस. मी व्हिडिओ घेतो."

"म्हणजे ढकलणार आम्ही आणि दिसणार तू," रम्या म्हणाली. तरी तिनं पदर खोचला.

मीनाक्षीबाई गाडीपाशी आल्या. दार उघडून त्या आत बसल्या. फाटक्या सीटनं त्यांना ओळखलं असावं. ती बरोब्बर पूर्वीइतकीच दबली. हात चाकावर गेले. पाय क्लचवर गेला. क्लच धप्पकन तळाला टेकला आणि वर आलाच नाही. त्यांनी पाय तसाच राहू दिला.

"हां, ढकला!"

गाडी कण्हली, हलली. पुढच्या चाकांखाली लिंबं पचकन फुटली. खोलीभर आंबट वास दरवळला. गुरुमूर्ति तोंडानंच हॉर्न वाजवू लागला, "सरका, सरका, मामी आल्या!"

मीनाक्षीबाई समोर बघत होत्या. कावेरीवरचा पूल यावा तसा त्यांचा चेहरा उजळला. सवयीनं उजवा हात खिडकीबाहेर गेला, वळण दाखवायला. तो कशावर तरी आपटला आणि त्या दचकल्या.

"कोण गा ते?"

"मी, अम्मा."

सुरेंद्र खिडकीला खेटून उभा होता. मोबाइल त्यांच्या गालापासून वीतभर अंतरावर. "मघापासून इथंच आहे."

त्यांनी मान पुरती वळवली, तेव्हा कुठं तो त्यांना सापडला.

मागं ढकलणं थांबलं. गुरुमूर्तीचा हॉर्नही. रम्यानं सासूकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे, आणि खोचलेला पदर सोडला. मोबाइल सुरूच होता. कुठं धरावा ते सुरेंद्रला कळेना.

मीनाक्षीबाईंनी बाहेरचा हात त्याच्या शर्टावरून फिरवला. स्वच्छ, इस्त्रीचा, कडक. मग हात आत घेऊन त्यांनी मांडीवर ठेवला.

"आता सावकाश कर, बा," त्या म्हणाल्या. "आता काही घाई नाही."